निर्दोषनगर, पायमोज्यांसकट

४ मे २०२५, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, तक्रार करायची नाही.

गंगापूर रोडला फिरून आले. जाता-येता सात जण थुंकताना मोजले. एक तर चालत्या मोटरसायकलवरून थुंकला, वाऱ्याचा काहीही अभ्यास न करता. मागे त्याचीच बायको बसली होती. शी.

ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.

घरी आले तर हे बशीत चहा ओतून फुरके मारत बसलेले. चव्वेचाळीस वर्षं हाच आवाज. सासऱ्यांनी नाव गंगाधर ठेवलं. शंकराने गंगा जटेत धरली, ह्यांनी नाकात. बारमाही. शिवाय स्कूटरच्या किल्लीने कान कोरतात आणि तीच किल्ली पुढे करून म्हणतात, छाया, भाजीला जाऊन येतेस का.

निश्चय: मनुष्यजात सुधारण्याबद्दल काहीतरी ठोस लिहायचं. बी.एस्सी. बॉटनी, १९७९, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. एकतीस वर्षं शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकवले. वाटाण्यांना जमतं ते माणसांना का जमू नये?

६ मे

योगायोग. वाचनालयाच्या फळ्यावर सूचना. ज्येष्ठ नागरिकांसाठी लघुकादंबरी स्पर्धा. विषय: डिस्टोपिया, जनुकं आणि उद्याचा माणूस. तीस जूनपर्यंत टाइप करून द्यायची. पहिला नंबर वाचनालयाच्या वार्षिकात छापणार.

युटोपिया म्हणजे आदर्श नगरी हे माहीत होतं. डिस्टोपिया हा त्याच्या वरचा दर्जा असावा. साधा फर्स्ट क्लास आणि डिस्टिंक्शन यांत असतो तसा. शब्दकोश माळ्यावर आहे. शिडीवर चढायला ह्यांचा गुडघा तयार नाही. नाहीतरी गरज नाही, शब्दातच अर्थ दिसतो आहे.

९ मे

नाव ठरलं. निर्दोषनगर. साल २१२५. जागा नाशिकच, पण घासून धुतलेलं. बाळ पोटात असतानाच त्याची जनुकं तपासायची, खोट काढून टाकायची. थुंकणं, घोरणं, फुरके, सगळं मुळातून बंद. नगरीची प्रमुख प्रजामाता. करारी, सडपातळ, वय सदुसष्ट, बॉटनीची पदवीधर. कोणावरून बेतलेली नाही.

पारा एक्केचाळीस. यशोधन म्हणाला, आई, एवढ्या उकाड्यात पायमोजे कशाला गं? टाचांना भेगा पडू नयेत म्हणून, असं सांगितलं. चौतीस वर्षांचा झाला, लहानपणापासून हेच विचारतो आहे. एकदा उत्तर मिळालं की पुन्हा विचारू नये एवढं त्याच्या जनुकांत नाही. वडिलांकडून.

१७ मे

तेजश्रीला पाचवा महिना. सून म्हणून तिच्यात एक गुण आहे: सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. सुटे भाग तपासते, खोट असलेला बाजूला काढते. म्हणजे दृष्टी आहे. सध्या डॉक्टरांनी दगदग नको म्हटल्यामुळे घरून काम. कादंबरी मी टाइप करून देते आई, असं स्वतःहून म्हणाली. मी वहीत लिहायचं, तिने संध्याकाळी टाइप करायचं.

माहेर सायखेड्याचं. झेंडू आणि वांगी. लग्न ठरलं तेव्हा आमच्या नातेवाइकांत कुजबुज झाली. मी ठणकावून सांगितलं, आम्ही जात मानत नाही. मी फक्त जनुकं मानते. म्हणून बैठकीतच तिच्या आईला, दीपमालाबाईंना, विचारून घेतलं. मधुमेह? दमा? तिरळेपणा? घराण्यात कोणाला वेड? त्या म्हणाल्या, सासूबाईंना मिश्रीचं वेड आहे, बाकी काही नाही. सगळे हसले. मी हसले नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. बोटाने हिरड्यांवर घासायचा. शी.

निश्चय: बाळ पहिलं वर्षभर माझ्या देखरेखीखाली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही प्रथा पूर्णपणे अशास्त्रीय. सायखेड्याला म्हशीचा गोठा थेट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे.

२ जून

चौथं प्रकरण झालं. निर्दोषनगरात जुन्या प्रथा बंद.

याबाबतीत मी बोलते तशी वागते. तेजश्रीच्या लग्नात विहिणीचे पाय धुण्याची प्रथा मी बंद पाडली. दीपमालाबाई परात-तांब्या घेऊन आल्या, त्याच क्षणी मी पाय खुर्चीखाली ओढले आणि मोठ्याने म्हणाले, बाईने बाईचे पाय धुवायचे नाहीत. मांडवात टाळ्या पडल्या. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, छापून आलं. कात्रण फ्रेम करून हॉलमध्ये लावलं आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात, १९८१ साली, मी जोडवी नाकारली होती. गुलामीची खूण. सासूबाई रडल्या. हे हसले आणि काहीतरी म्हणाले. लिहिण्यासारखं नाही.

११ जून

ह्यांना तीन प्रकरणं वाचून दाखवली. पहिल्यात झोपले. दुसऱ्यात कान कोरले. शेवटी विचारलं, तुझ्या त्या नगरात मला जागा आहे का? म्हटलं, अजिबात नाही. म्हणाले, सुटलो.

२१ जून

नववं प्रकरण. सर्वांत सरस उतरलं आहे.

तपासणी चुकवून एक बाळ जन्माला येतं. प्रजामाता स्वतः पाहणी करते. डोळे उत्तम, कान उत्तम. मग पाय. दोन्ही पायांची दुसरी आणि तिसरी बोटं नखापर्यंत एकमेकांना जोडलेली. प्रजामाता म्हणते, असल्या पायांनी निर्दोषनगरात पाऊल ठेवता येत नाही. बाळाची रवानगी खतविभागात. भावनेला थारा नाही. एका बैठकीत लिहून काढलं, खाडाखोड नाही. उदाहरण सहज सुचलं.

तेजश्री टाइप करता करता थांबली. म्हणाली, आई, बोटं जोडलेली असली तर बिघडतं काय? चालता येतं ना त्याला? म्हटलं, प्रश्न चालण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, निदान खतविभाग तरी काढूया का? दुसरीकडे कुठे पाठवू. म्हटलं, शास्त्राला हळवेपणा चालत नाही. तिने टाइप केलं. गर्भारपणात मुली हळव्या होतात.

३० जून

कादंबरी दिली. वाचनालयातला माणूस ती हातात घेऊन शिंकला. मुखपृष्ठावर. शी.

१३ जुलै

घरी डोहाळजेवण. सायखेड्याहून दीपमालाबाई आणि तेजश्रीची आजी नवसाबाई आल्या. आजीबाईंनी पोतंभर वांगी आणली, आल्या आल्या माझे गाल चिमटीत धरून बोटं मोडली. त्याच बोटांनी, ज्यांनी मिश्री लावतात. तीन वेळा तोंड धुतलं, तरी रात्री जेवताना वास येत होता.

मग तेजश्रीच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, पोरगा निगू दे न्हायतर पोरगी, आपलंच वाण हाय. मी सांगितलं, वाण सुधारता येतं. कांद्याचं, द्राक्षाचं सुधारता तसं. त्या म्हणाल्या, लय सुधारलं तं कीड लागतीय, इहीणबाई.

बाळंतपणाला न्यायचं दीपमालाबाईंनी काढलं. मी नकार दिला. सगळ्यांनी तेजश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, मी इथेच राहते. बाळाला आजीची शिस्तही हवी.

आजीची. म्हणजे माझी.

बाळाची खोली आजच फिनेलने पुसून घेतली. पाळणा आणून ठेवला. दुपट्यांचं कापड आणलं, पांढरं, डाग लगेच दिसावा म्हणून. हे आत डोकावून म्हणाले, बाळ येणार आहे की ऑपरेशन? दुर्लक्ष.

२४ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी ७.३०

पहिला नंबर.

सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे गैरसमज नकोत.

सभागृह भरलेलं. मी नारायणपेठ नेसले होते. परीक्षक बाई पुण्याच्या. त्यांनी सुरुवातीला सांगितलं, डिस्टोपिया म्हणजे अशी नगरी, की जिची भीती वाटावी, किळस यावी. एकोणीस कादंबऱ्यांत ती किळस पुरेपूर देणारी एकच, निर्दोषनगर. प्रजामाता हे पात्र तर विसरूच शकत नाही. इतकी कोरडी, इतकी स्वतःवर खूश बाई लेखिकेला सापडली कुठे? मग त्यांनी नववं प्रकरण मोठ्याने वाचलं. पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, अगं बाई गं. मागून कोणीतरी म्हणालं, मेली शेवटी मरते तरी का?

मी माईक घेतला. खुलासा केला. म्हटलं, यात उपरोध वगैरे काही नाही. मी शब्द न् शब्द मनापासून लिहिला आहे. प्रजामाता हा माझा आदर्श आहे.

सभागृह हसून कोसळलं. परीक्षक बाई डोळे पुसत म्हणाल्या, बघा, अजून भूमिकेतून बाहेर आल्या नाहीत! टाळ्या थांबेनात. ह्यांनी शिट्टी वाजवली. वय वर्षं एकाहत्तर.

तेजश्री हसली नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

माळ्यावरून शब्दकोश काढवला. शिडीवर यशोधन चढला. परीक्षक बाई म्हणाल्या तोच अर्थ दिला आहे. आवृत्ती जुनी आहे.

२५ ऑगस्ट

तेजश्री सायखेड्याला गेली. बाळंतपण तिकडेच.

भांडण झालं नाही. मी तिला बॅग भरताना विचारलं, डाएटचा तक्ता घेतलास का? ती म्हणाली, आई, आमच्याकडे एखाद्या पार्टमध्ये खोट निघाली तर लगेच फेकत नाहीत. आधी रीवर्क होतो का बघतात. आणि ते लोखंड असतं.

तक्ता टेबलावरच राहिला.

एका दृष्टीने बरं झालं. शहरात धूर फार.

८ सप्टेंबर

काल खग्रास चंद्रग्रहण. गर्भवतीने चिरायचं नाही, शिवायचं नाही, वगैरे. मी आधीच फोन करून तेजश्रीला बजावलं होतं, असलं काही मानायचं नाही, खुशाल सुईदोरा घेऊन बस. तिने खरंच ग्रहणात बसून दुपटं शिवलं. फोटो पाठवला, काठाला पिवळी फुलं. तिच्या चुलतीने आकांत केला म्हणे. तेजश्रीने तिला सांगितलं, आमच्या आई सायन्सच्या टीचर आहेत.

आमच्या आई. म्हणजे समेट झाला.

निश्चय: बाळ दीड महिन्याचं झालं की इकडे. दीपमालाबाईंना तसं कळवायचं.

२३ सप्टेंबर, दुपारी १२.४०

मुलगी. तीन किलो शंभर. दोघी सुखरूप. यशोधनचा फोन.

पेढे आणले. शेजारच्यांना वाटले. ह्यांनी पेढा चहात बुडवला. शी. पण आज चालेल.

दुपारी ३.१५

यशोधनचा परत फोन. बाळाच्या दोन्ही पायांची दोन-दोन बोटं जोडलेली आहेत. दुसरं आणि तिसरं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, चालायला अडचण येणार नाही. पण बहुधा घराण्यातून येतं. आपल्याकडे कोणाला आहे का?

नाही, म्हटलं.

हे समोरच वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं नाही.

२४ सप्टेंबर

कारणं अनेक असू शकतात. सायखेड्याचं पाणी. झेंडूवरची फवारणी. नवसाबाईंची मिश्री.

२७ सप्टेंबर

यशोधन कपडे न्यायला आला होता. तिकडे फारच वाईट चाललं आहे म्हणाला. चुलती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरीने ग्रहणात सुई चालवली म्हणून बाळाची बोटं शिवली गेली. दीपमालाबाई, आपण पोरीला अडवलं नाही म्हणून रडतात. ग्रहणात शिवलेल्या त्या दुपट्याची शिवण तेजश्रीने उसवून टाकली. धागा न् धागा.

यशोधन म्हणाला, आई, तू तरी सांग त्यांना, ग्रहणाने असं होत नाही. तुझं ऐकतील.

म्हटलं, तसं बघितलं तर ग्रहणकाळातल्या किरणांवर पुरेसं संशोधन झालेलं नाही.

हे मी म्हणाले. एकतीस वर्षं विज्ञान शिकवून.

यशोधनने पिशवीची चेन ओढली. मग म्हणाला, आणि पुढच्या शनिवारी बारसं आहे, पण तेजश्रीचा निरोप आहे. प्रजामातेने येऊ नये.

पाळण्यावर चादर घातली. धूळ बसते.

२९ सप्टेंबर

वार्षिक छापून आलं. निर्दोषनगर पान एकवीसपासून. शेजारच्या बाईंनी वाचलं, मला जिन्यात गाठून म्हणाल्या, काय हो तुमची ती प्रजामाता, किळस आली अगदी! कसं सुचतं? दरवाजा लावून घेतला. मग पुन्हा उघडून आभार मानले.

नववं प्रकरण आज परत वाचलं. भाषा स्वच्छ आहे. बाळाला नाव दिलेलं नाही, हे लिहिताना लक्षात आलं नव्हतं.

३ ऑक्टोबर

हे सकाळी चहा घेता घेता म्हणाले, यशोधनला मी सांगू का?

काय सांगायचं, असं विचारलं.

बशी खाली ठेवली. म्हणाले, चव्वेचाळीस वर्षं मी बशीतून चहा पितो, ते तू बघतेस आणि बोलतेस. चव्वेचाळीस वर्षं मीही काहीतरी बघतो, छाया. बोललो का कधी?

मी म्हणाले, कपाट आवरायचं आहे.

कपाटात मोज्यांचे एकतीस जोड निघाले. बहुतेक करडे. यशोधन जन्मला तेव्हा नर्सने तोंड बघा म्हटलं, मी आधी दुपट्याखालचे पाय बघितले. दहा सुटी बोटं. मग तोंड बघितलं. आज हे का आठवावं कळत नाही.

दुपारी हे म्हणाले, उद्याची नऊची एसटी आहे. म्हटलं, आपल्याला बोलावलेलं नाही. म्हणाले, तुला नाही. मला आहे. तू नुसती बरोबर ये.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.००

सायखेड्याला जाऊन आले. क्रमाने लिहिते.

एसटी स्टँडपासून त्यांच्या मळ्यापर्यंत झेंडूच्या वाफ्यांमधली पायवाट. दसऱ्याला फुलं तोडून झालेली, झाडं ओरबाडल्यासारखी उभी. रात्री पाऊस पडून गेलेला. चप्पल दोनदा रुतली. घोट्यापर्यंत चिखल.

अंगणात बायका बसल्या होत्या. मला बघून जरा सरकल्या, मग चुलतीने पहिलाच धागा उचलला, सुई ती सुई, चंद्राला टोचली की लेकराला टोचती. दीपमालाबाई चुलीपाशी पाठ करून बसलेल्या, पदर डोळ्यांना. तेजश्री आत. दार अर्धं लोटलेलं. मला बघून उठली नाही.

नवसाबाई परात आणि तांब्या घेऊन आल्या. म्हणाल्या, या इहीणबाई, पाय द्या. मी सवयीने म्हणाले, पाय धुण्याची प्रथा मला मान्य नाही. त्या म्हणाल्या, प्रथा नाय वो, चिखुल हाय.

चुलती आत बघून म्हणाली, शिकलेल्या पोरी, ऐकतात का कुणाचं? भोगा आता. अर्ध्या दारातून तेजश्री दिसत होती. तिने पाळण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. ज्या हातांनी शिवलं त्या.

मी ओट्यावर बसले आणि मोजे काढले. ओले झाले होते. दुसरं काही कारण नाही.

नवसाबाईंनी पाणी घातलं. चिखल गेला तशी त्यांची बोटं माझ्या बोटांवर थांबली. उजवा पाय उचलून डोळ्यांजवळ नेला. मग डावा. मग अख्खं सायखेडं ऐकेल अशा आवाजात, आगं दीपे, हितं ये! ह्यी तं बाळीची बोटं हायती!

सगळं अंगण माझ्या पायांभोवती जमा झालं. सदुसष्ट वर्षांत त्या पायांकडे एवढ्या लोकांनी पाहिलं नव्हतं. दीपमालाबाईंनी पाहिलं आणि पदराने डोळे पुसले. चुलती म्हणाली, अय्यो. नवसाबाई तिला म्हणाल्या, ग्रहान कशाचं अन् सुई कशाची गं? हे इहिणीचं वाण हाय. वाण मोज्यात लपतंय व्हय?

यशोधन म्हणाला, आई, म्हणजे तू एवढी वर्षं... एवढ्या उकाड्यात.

हे म्हणाले, जन्मजात जोडवी आहेत तिची. मी आमच्या लग्नातच म्हटलं होतं. कोणी ऐकून घेतलं नाही.

मी उभी राहिले. अनवाणी, परातीत. वर्गात बोलते तशी बोलले. हे प्रबळ जनुक आहे. प्रबळ असूनही ते कधीकधी एखाद्या पिढीत दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतं. ग्रहणाचा, सुईचा, तेजश्रीचा आणि तिच्या आईचा याच्याशी काहीही संबंध नाही. ग्रहणात शिवायला मीच सांगितलं होतं, आणि ते बरोबरच सांगितलं होतं. यशोधन, डॉक्टरांसाठी मी दिलेली माहिती चुकीची होती. दुरुस्ती करून घ्यावी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवसाबाईंनी फक्त पाय पुसले.

तेजश्री बाहेर आली. बाळ हातात. माझे पाय वाकून बघितले, पार्ट तपासतात तसे. मग म्हणाली, सांगा प्रजामाता, आता काय करायचं? दोघींना एकाच खतविभागात पाठवायचं, की वेगवेगळ्या?

सवयीने पाय मागे ओढायला गेले, मागे परात होती.

मी म्हणाले, नववं प्रकरण रद्द समज.

ती म्हणाली, छापून आलंय, आई.

आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

५ ऑक्टोबर, सकाळी ७.००

मोजे सायखेड्यालाच राहिले. नवसाबाईंनी धुवून गोठ्याच्या तारेवर वाळत घातले होते. आणायची आठवण झाली नाही.

नाव पल्लवी ठेवलं. कोवळं पान. बॉटनीच्या दृष्टीने निर्दोष.

इकडे कधी येणार ते तेजश्रीने सांगितलेलं नाही. बघू म्हणाली. तक्ता मागितला नाही.

कालची एक नोंद राहिली. मांडीवर घेतल्याला तीन मिनिटंही झाली नसतील. आधी नारायणपेठेवर ऊब पसरली, मग रंग, मग वास. सगळ्या बायका फुगडी थांबवावी तशा थांबून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेजश्रीसुद्धा. हे तर गालातल्या गालात हसायलाच लागले.

शी, मी म्हणाले.

मग घाईने पुढे जोडलं, केली आहे तिने.